ठगी : 'ठ'चा 'थ' झाला, तेव्हा अर्थाचं काय झालं?

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आजच्या शब्दात एका अक्षराचा उच्चार फार महत्त्वाचा आहे.

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि वाचायला आहे, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

तर आजचा इंग्रजी शब्द. टी, एच, यू, जी, जी, ई, ई. थगी. इंग्रजी शब्दकोशात आहे, पण रोजच्या इंग्रजीत सापडणार नाही. ऑफिसच्या मेलमध्ये तर नाहीच. हा शब्द भेटतो जुन्या कादंबऱ्यांत, इतिहासाच्या पुस्तकांत आणि एका हॉलिवूडच्या सिनेमात, ज्यात आपले अमरीश पुरी काळजं काढताना दिसतात. 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम', १९८४. त्यातला तो पंथ म्हणजे थगी.

तुम्ही म्हणाल, अरे हा तर आपला 'ठगी'. बरोबर. चोर-चोरी, लबाड-लबाडी, तसं ठग-ठगी. आपला शेवटचा 'ई' इंग्रजांनी दोन 'ई' लिहून टिपून घेतला, म्हणून ते स्पेलिंग असं लांबट दिसतं. पण 'ठ' मात्र त्यांना जमला नाही. त्यांच्याकडे तो आवाजच नाही. टी-एच म्हटलं की त्यांची जीभ दातांकडे जाते, मग 'ठग'चा झाला 'थग'. आणि आज आपणच रील टाकतो तेव्हा 'थग लाईफ' असं लिहितो. आपलाच शब्द, आपणच 'थ'ने लिहितो. गंमत आहे ना.

इंग्रजीत आणखी एक जोडशब्द आहे, 'थगरी'. म्हणजे गुंडगिरी. थगी आणि थगरी, मूळ एकच. पहिल्याचं शेपूट आपलं, दुसऱ्याचं शेपूट इंग्रजी. आजचा इंग्रज पत्रकार थगरी लिहितो. थगी लिहिलं की विषय जुन्या हिंदुस्थानाचा आहे हे समजायचं.

आता आधी आपल्या घरचा अर्थ बघू.

संस्कृतमध्ये एक धातू आहे, स्थग्. अर्थ झाकणे, लपवणे. त्यावरून स्थग म्हणजे लपवाछपवी करणारा, लबाड. त्याच धातूपासून 'स्थगित' आलाय. सभागृहाचं कामकाज स्थगित झालं ही बातमी पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा ठगाची आठवण काढा. नाते जवळचं आहे, मी फक्त व्याकरणाबद्दल बोलतोय! मराठीत याच घरातला 'ठक' आपल्याकडे जास्त रुळला. ठकवणे, ठकबाज, ठकसेन. 'ठकास महाठक' ही म्हण तर सगळ्यांना माहीत आहे.

यात लक्षात घ्यायची गोष्ट एकच. आपला ठक हा गोड बोलणारा आहे. तो अंगावर धावून येत नाही. तो शेजारी बसतो, पाव्हणं कुठलं म्हणून विचारतो, ओळख काढतो, आपल्या मामाच्या गावचा निघतो. त्याचं हत्यार म्हणजे त्याची जीभ. आणि इंग्रजीतला आजचा थग बघा: दणकट, डोकं कमी, हात जास्त, आल्या-आल्या कॉलर धरणारा. त्याला आपण ठक म्हणणार नाही, गुंड म्हणू. म्हणजे एकच शब्द, पण इकडे कावेबाज आणि तिकडे दांडगट. हा स्वभाव मध्येच कुठे बदलला? याचं उत्तर शोधताना मी फिरत-फिरत माझ्याच घराजवळ येऊन पोचलो. मी औशाचा. इथून तुळजापूर गाडीने तासाभरावर, आणि तिथून पुढे नळदुर्ग. हा शब्द जगभर नेणाऱ्या माणसाची नोकरी याच पट्ट्यात झाली.

त्याच्याकडे यायच्या आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन.

दक्षिणेकडे या लोकांना 'फांसीगार' म्हणत. फास टाकणारा तो फांसीगार. १८१६ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात डॉक्टर रिचर्ड शेरवूड यांनी या फांसीगारांवर लेख लिहिला. वाटसरूंच्या टोळीत मिसळायचं, दिवसेंदिवस सोबत चालायचं, विश्वास बसला की रुमालाने गळा आवळायचा, प्रेत पुरायचं, माल वाटून घ्यायचा, अशी पद्धत त्यात सांगितली होती. पुढे विल्यम स्लीमन नावाचा अधिकारी मध्य हिंदुस्थानात या कामाला लागला. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात स्लीमनाबाद नावाचं गाव आहे, ते याच माणसाच्या नावाचं.

स्लीमनने एक भारी काम केलं, आमच्या शब्दवेड्या लोकांसाठी तरी भारी. पकडलेल्या लोकांकडून त्यांची गुप्त बोली काढून घेतली आणि १८३६ मध्ये तिचा कोशच छापला, 'रामासीआना' नावाने. रामासी म्हणजे ती बोली. त्यात 'सोथा' म्हणजे गोड बोलून वाटसरूला टोळीत ओढून आणणारा. 'भुर्तोट' म्हणजे गळा आवळणारा. 'लुगहा' खड्डा खणणारा. 'झिरनी' म्हणजे आता आवळा असा इशारा. आणि ज्याला मारायचं तो कोण? तो 'बनिज'. म्हणजे वाणिज्य, माल! माणसाला सरळ 'माल' म्हणायचं. मला हा शब्द वाचून थोडा वेळ स्क्रीन बंद करावी लागली.

झिरनी म्हणून काय बोलायचे, तर 'तंबाखू लाओ'. आमच्या मराठवाड्यात कुठल्याही बसस्टँडवर दर दोन मिनिटाला ऐकू येणारं वाक्य आहे हे. संशय कुणाला येणार?

एवढ्यावरून कळतं की या टोळीतली कामं वाटलेली होती, आणि सगळ्यात आधी येणारा सोथा होता. हात नंतर, जीभ आधी. म्हणजे तोवर शब्दाचा आपला अर्थ शाबूत आहे.

आता आपला माणूस. फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा, १८०८ मधला. १८२४ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा वय पंधरा. एका व्यापारी पेढीत नोकरीला म्हणून आला होता, ती पेढीच डबघाईला आलेली. मग खटपट करून हैदराबादच्या निजामाच्या फौजेत शिरला. कंपनीच्या नोकरीतल्या साहेबांपेक्षा याचं वेगळं होतं. हा निजामाचा नोकर. आपल्या भागातल्या भाषा शिकला, गावोगाव फिरला, तरुणपणी पोलिसाचं काम केलं. नंतर १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. १८६० मध्ये धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. म्हणजे सात-एक वर्षं आपला शेजारचा जिल्हा इंग्रजांकडे होता. शाळेत मराठवाडा म्हणजे सरसकट निजाम असं शिकवतात, त्यात ही सात वर्षं कुणी सांगत नाही.

नळदुर्गला पावसाळ्यात पाणी महाल बघायला, धबधब्याखाली सेल्फी काढायला आपण जातो. तिथून कारभार बघणाऱ्या या माणसाने त्याआधीच, १८३९ मध्ये, लंडनला एक कादंबरी छापली होती. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. एका ठगाचा कबुलीजबाब.

कादंबरीची रचना साधी. अमीर अली नावाचा ठग तुरुंगात आहे, माफीचा साक्षीदार झालाय, आणि एका साहेबाला आपली कहाणी सांगतोय. साहेब फारसं बोलत नाही. सगळं अमीर अलीच बोलतो. आणि काय बोलतो! तो ७१९ माणसं मारल्याचं सांगतो, आणि मधली बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार झाली असती म्हणून हळहळतो. वाचणाऱ्याला त्याचा राग यायला पाहिजे, पण येत नाही, कारण तो फार गोड सांगतो. रुबाबदार, हजरजबाबी, मित्राला जीव लावणारा. दीडेकशे पानं झाल्यावर लक्षात येतं की अमीर अली त्या साहेबाला जे करतोय तेच आपल्यालाही करतोय. म्हणजे सोथ्याचं काम. वाचकच बनिज झालाय. इंग्रजीत त्या काळात हिंदुस्थानावर ढीगभर पुस्तकं निघाली, पण 'ठग' या शब्दातला गोडवा पकडणारं हे एकच, असं माझं मत आहे.

पुस्तक तुफान चाललं. व्हिक्टोरिया राणीला इतकी उत्सुकता, की छपाई चालू असतानाच तिच्यासाठी पानं मागवली जात होती. आजच्या भाषेत अर्ली अ‍ॅक्सेस.

आता मला टोचणारी गोष्ट. या कादंबरीत ठगांची देवी कोण, तर भवानी. ठग हिंदूही होते, मुसलमानही होते, अमीर अली स्वतः मुसलमान आहे, पण सगळे भवानीला मानतात, शकुन बघतात, मंतरलेला गूळ खातात. एकदा तो गूळ खाल्ला की माणूस कायमचा ठग. लातूरच्या आडतीत गुळाच्या ढेपा बघत मोठा झालेला मी, मला हे वाचून हसू आलं, पण भवानीपाशी हसू थांबलं. कारण आमच्या घरात, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात, भवानी म्हणजे कुलस्वामिनी. लग्नानंतर गोंधळ घालायचा तिचा, नवरात्रात पायी जायचं तिच्याकडे. आमच्या रस्त्यावरून दरवर्षी माणसं अनवाणी जातात. आणि या कादंबरीतून इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हे नाव भेटलं ते गळा आवळणाऱ्यांची देवी म्हणून. टेलरनंतर कुणी भवानी लिहिलं, कुणी काली लिहिलं, सगळं एकाच भांड्यात. शेवटी अमरीश पुरींपर्यंत.

पण टेलरवर चिडून थांबावं तर तेही जमत नाही. कारण याच माणसाने १८६३ मध्ये दुसरी कादंबरी लिहिली, 'तारा'. तिची सुरुवात होते तुळजापुरात. तारा ही तिथल्या ब्राह्मण घरातली मुलगी, काळ शिवाजी महाराज आणि अफजलखानाचा. देऊळ, घाट, आरती, बायकांचं घरातलं बोलणं हे सगळं जवळून पाहिलेल्या माणसाने लिहिलंय हे कळतं. इथली भवानी गळे आवळणाऱ्यांची नाही, आपल्या ओळखीची आहे. म्हणजे एकाच लेखकाने आपली देवी दोनदा इंग्रजीत नेली, एकदा भयंकर, एकदा घरची. लोकांनी लक्षात काय ठेवलं? तुम्हीच सांगा. 'तारा' आज कोण वाचतं?

शब्द मग पळतच सुटला. १८३९ मध्येच थॉमस कार्लाइल याने ग्लासगोच्या कामगारांच्या मारामारीबद्दल लिहिताना 'ग्लासगो थगरी' असा शब्द वापरला. म्हणजे बघा, कादंबरी आली त्याच वर्षी शब्दाने हिंदुस्थान सोडला. ग्लासगोतले गिरणी कामगार काही कुणाला गोड बोलून वाटेत गाठत नव्हते. तिथे शब्दातून लबाडी गळाली, फक्त हाणामारी उरली. स्वभाव कुठे बदलला असं मघाशी विचारलं होतं ना, तर माझं बोट या जागेवर आहे. फ्रान्समध्ये युजीन स्यू याच्या 'द वाँडरिंग ज्यू' कादंबरीत फेरिंगिआ नावाच्या खऱ्या ठगावरून बेतलेलं पात्र पॅरिसला जाऊन पोचलं. मार्क ट्वेन १८९६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, आणि पुढच्या वर्षी प्रवासवर्णनात त्याने ठगांवर पानंच्या पानं लिहिली. पण ट्वेन तो ट्वेन. गोऱ्या माणसालाही दुसऱ्याला मरताना बघायला मजा येते, आपण म्हणजे थोडे सुधारलेले ठगच, अशा अर्थाचं लिहून त्याने आपल्याच वाचकांचा गळा धरला. १९५२ मध्ये जॉन मास्टर्सने कादंबरी लिहिली, तिचं नाव 'द डिसीव्हर्स', म्हणजे फसवणारे. एवढा मोठा चक्कर मारून निदान एका पुस्तकाच्या नावात तरी शब्दाचा मूळ अर्थ परत आला.

इतिहासकारांचं भांडण मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला कमेंटमध्ये कुणीतरी सांगणारच आहे. एक बाजू म्हणते थगी नावाचा पंथ वगैरे इंग्रजांची कल्पना, राज्य पसरवायला निमित्त पाहिजे होतं. दुसरी बाजू म्हणते, नाही, वाटमारी आणि खून खरे होते. किम वॅगनर यांचं २००७ मधलं पुस्तक साधारण मधली वाट धरतं: टोळ्या होत्या, खून होत होते, पण देवीच्या नावाने चालणारा देशभरचा गुप्त धर्म ही गोष्ट साहेबांच्या कागदात फुगत गेली. मला हे पटतं. मारले गेलेले वाटसरू खरे होते, हे विसरून चालणार नाही. तीर्थाला निघालेली, हुंडी घेऊन निघालेली, रजेवर घरी निघालेली माणसं होती ती.

पण शब्द फुगतो तेव्हा त्याचं पुढे काय होतं, ते साहित्यात कमी आणि कायद्यात जास्त दिसतं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

१८३६ चा तिसावा कायदा. मजकूर अगदी छोटा. त्याचा आशय असा, की जो कोणी ठगांच्या टोळीत होता असं सिद्ध होईल, मग तो या कायद्याच्या आधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, त्याला जन्मठेप, सक्तमजुरीसह. झालं. अमुक खून केला, अमुक तारखेला केला, हे सिद्ध करायची गरज नाही. टोळीत होता एवढं पुरे. कंपनीच्या मुलखाबाहेर म्हणजे कुठे? निजामाच्या राज्यातला आमचा औसासुद्धा त्यात आला.

आणि ठग म्हणजे कोण? कायद्यात व्याख्याच नाही!

आम्ही कोड लिहितो तेव्हा एखादा व्हेरिएबल कुठे डिफाइन न करता वापरला, तर प्रोग्राम चालत नाही. कॉम्प्युटर तोंडावर सांगतो, हे काय आहे मला माहीत नाही. हा कायदा मात्र चालला, कारण ठग म्हणजे काय हे सगळ्यांना 'माहीत' होतं. कशावरून? कबुलीजबाबांवरून, अहवालांवरून, आणि तीन वर्षांनी टेलरच्या कादंबरीवरूनही. साक्षीदार कोण, तर जीव वाचवायला माफीचे साक्षीदार झालेले लोक. एकाने चार नावं सांगायची, त्या चारांनी आणखी. डेटा तोच, तपासणाराही तोच. टेस्टिंगच्या टीमने हे पाहिलं असतं तर रिलीज अडवला असता.

व्याख्या आली चोवीस वर्षांनी, १८६० च्या भारतीय दंड संहितेत. कलम ३१०. खून करून दरोडा घालण्यासाठी किंवा मुलं पळवण्यासाठी जो सवयीने दुसऱ्यांच्या सोबतीत राहतो तो ठग. कलम ३११, शिक्षा जन्मठेप. हे कलम किती वर्षं होतं माहितीय? २०२४ च्या जूनपर्यंत. १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते घेतलं नाही. तुम्ही-मी स्मार्टफोन वापरत होतो तेव्हाही या देशात 'ठग असणे' हा कायद्याने गुन्हा होता. काही करणे नाही, असणे.

'करणे' आणि 'असणे' यातला हा फरक पुढे फार महागात पडला. ठगांच्या वेळी बसलेली सवय, म्हणजे माणसाचं कृत्य न बघता गट बघायचा, ती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्ण उतरली. आता टोळीसुद्धा लागत नव्हती. जन्म पुरत होता. अमुक जमातीत जन्मलास, हजेरी लाव. गाव सोडायचं तर परवानगी घे. आमच्या शेजारच्या सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायची वसाहत होती. आजही सोलापूरकर त्या भागाला 'सेटलमेंट'च म्हणतात, रिक्षावाल्याला तेवढंच सांगायचं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून ती माणसं विमुक्त, आणि तो दिवस विमुक्त दिन. म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षांनी त्यांना मिळालं.

आणि इथे पुन्हा साहित्य येतं, आणि पुन्हा आपला जिल्हा. लक्ष्मण गायकवाड. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. त्यांचं आत्मकथन 'उचल्या', १९८७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. उचलेगिरी हाच धंदा म्हणून ज्या समाजाच्या कपाळावर लिहून ठेवलं, त्या समाजातला एक पोरगा शाळेत जातो, लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, आणि तरी पोलिस दारात येतातच, ही ती गोष्ट. वाचली नसेल तर वाचा. लातूरच्या शाळेत ही आम्हाला कुणी वाचायला दिली नव्हती, मी पुण्यात नोकरी लागल्यावर विकत घेतली. या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर साहित्य अकादमीने काढलं, त्याचं नाव 'द ब्रँडेड'. डागलेला. आपण ब्रँडेड म्हणजे बूट समजतो. शब्दाचा खरा अर्थ तापलेल्या लोखंडाने जनावराच्या कातडीवर उठवलेली खूण. शंभर पानी निबंधाने होणार नाही ते काम त्या एका शब्दाने केलंय.

'कबुलीजबाब' आणि 'उचल्या' दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघा. दोन्हीत माणूस 'मी' म्हणून बोलतोय. पण अमीर अलीचा 'मी' साहेबाने लिहिलाय. गायकवाडांचा 'मी' त्यांचा स्वतःचा आहे. एकशे अठ्ठेचाळीस वर्षं लागली मधे.

अमेरिकेतही हा शब्द असाच माणसांना चिकटला. २०१४ च्या जानेवारीत रिचर्ड शर्मन नावाचा फुटबॉलपटू, त्यांचा फुटबॉल, सामना जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर जोरात बोलला. शिवी नाही, मारामारी नाही. टीव्हीवर दिवसभर त्याला थग, थग. त्यावर तो जे बोलला त्याचा अर्थ असा, की काळ्या माणसाला पूर्वी जी शिवी द्यायचे ती आता उघड देता येत नाही, म्हणून हा शब्द वापरतात. त्याच्या आधी वीसेक वर्षं टुपाक शकूरने उलटी चाल केली होती. शिवी उचलली आणि पोटावर गोंदवून घेतली, 'थग लाईफ'. पुढे त्याचं झालं मीम, काळा चष्मा खाली येतो, गाणं वाजतं, आणि औशातला एखादा पोरगा मास्तरांना उलट उत्तर देताना त्या रीलमध्ये दिसतो. ठगाचा 'ठ' घेऊन बोट गेली आणि 'थ' घेऊन इंटरनेटवरून परत आली.

आता थोडं आपल्या मराठीकडे, कारण इंग्रजांना नावं ठेवून सुटता येत नाही. 'भामट्याने वृद्धेला गंडवले.' 'तोतया अधिकारी बनून भामट्यांचा लाखोंचा गंडा.' आठवड्यातून दोनदा तरी असा मथळा आपण वाचतो. भामटा हा शब्द आपण फसवणारा या अर्थी बिनधास्त वापरतो. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींची यादी उघडून बघा. भामटा, राजपूत भामटा. त्यात आहेत. हे एका समाजाचं नाव आहे. त्या समाजातली पोरं शाळेत दाखला घेऊन जातात आणि दाखल्यावर जे लिहिलंय तेच शेजारच्या वर्तमानपत्रात शिवी म्हणून छापलेलं असतं. मी स्वतः हा शब्द या अर्थाने वापरायचं बंद केलंय. 'ठक' आहे ना आपल्याकडे. तो कुणाच्या दाखल्यावर नाही. छोटा आहे, मथळ्यात बसतो, जागाही कमी लागते. उपसंपादक मंडळींनी विचार करायला हरकत नाही.

आणि ठक म्हटलं की अर्थही नेमका बसतो, कारण आपला जुना गोडबोल्या ठक काही संपलेला नाही. तो फक्त पायी चालत नाही आता. फोन येतो. 'काका, बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी राहिलंय.' आवाज किती नम्र! आपल्या गावाचं नाव त्याला माहीत असतं. हळूहळू विश्वासात घेतो, मग ओटीपी मागतो. हा अगदी रामासीतला सोथा आहे. पलीकडे पैसे वळवणारा वेगळा, खातं भाड्याने देणारा वेगळा, कामं तशीच वाटलेली. 'डिजिटल अरेस्ट' नावाचं नाटक तर बघा, तासन् तास व्हिडिओ कॉलवर माणसाला सोबत ठेवतात, हलू देत नाहीत. जुने ठगसुद्धा वाटसरूला दिवसेंदिवस एकटं सोडत नसत. इंग्रज माणूस याला थग म्हणणार नाही, तो स्कॅमर म्हणेल, कारण त्याच्या थगमध्ये लबाडी उरलेलीच नाही. आपल्या ठकात ती अजून आहे. माझ्या आईने असा एक फोन आला तेव्हा पलीकडच्याला तीनदा 'बाळा, जेवलास का' विचारलं आणि शेवटी नंबर म्हणून घरच्या गॅसच्या पुस्तकावरचा आकडा सांगितला. ठकास महाठक.

बरं, आता तुमच्यासाठी काम. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, फसवणाऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात. आमच्याकडे चुना लावणारा, टोपी घालणारा, गंडवणारा, बंडलबाज एवढे मिळाले. व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव सांगा. आणि शब्दात कुठल्या समाजाचं नाव लपलेलं असेल तर तेही सांगा, आपण ते पुढच्या भागात वाचून दाखवू.

पुढच्या भागात 'डेकॉइटी'. डकैतीला इंग्रजीत नेताना काय काय सांडलं ते बघू. चला, भेटू.